वरच्या पाण्याची मजुरी

आमच्या शहरात नळाला पाणी कधी येणार, हे पाणी सोडणाऱ्या लाइनमनच्याही आधी ज्यांना कळायचं असे एकच गृहस्थ मी पाहिले, आणि माझ्या नशिबानं त्यांनीच माझ्या घराचं प्लंबिंग केलं. त्यांच्या नशिबाबद्दल मला असं म्हणता येणार नाही. का, ते सांगायलाच लिहायला बसलो आहे. आम्ही गारखेड्यात भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होतो तेव्हापासून मी त्यांना ओळखतो. सगळे त्यांना मामा म्हणायचे, आणि ते सगळ्यांना साहेब म्हणायचे, अगदी दूध टाकणाऱ्यालासुद्धा. त्या दिवसांत आमच्याकडे आठवड्यातून एकदा पाणी यायचं आणि त्या एकदालाही वेळ नसायची. एकदा मामा चौकातल्या हॉटेलात भिंतीशी बसून चहा पीत होते. बशी ओठांशी नेता नेता थांबले, मान तिरकी करून भिंतीवरून खाली उतरलेल्या पाइपाला कान लावला आणि चहा गरम आहे असं सांगावं तसं म्हणाले, "आलं." हॉटेलातली निम्मी माणसं उठून पळाली. मीही पळालो. घरी पोचलो तेव्हा नळ नुसता फुसफुसत होता. बादली लावली आणि धार सुरू झाली. असं तीनचारदा झाल्यावर हॉटेलवाल्यानं मामांना हात जोडून पाइपापासून सगळ्यांत लांबच्या टेबलाशी बसवलं. गिऱ्हाइकं मग तोंडाकडे बघायची ती मामांच्या, चहाकडे नाही.

अंगात कायम आकाशी रंगाचा, पूर्ण बाह्यांचा, कडक इस्त्रीचा शर्ट. बाह्यांची बटणंसुद्धा लावलेली. आयुष्यभर पाण्यात काम करणाऱ्या या माणसाच्या अंगावर मी कधी पाण्याचा थेंब पाहिला नाही, आणि त्यांना त्याचाच अभिमान होता. "प्लंबर भिजला म्हंजी काम चुकलं," असं ते म्हणायचे. भिजलेला प्लंबर दिसला की ते, शस्त्रक्रियेच्या खोलीतून रक्तानं माखून धावत आलेल्या डॉक्टरकडे बघावं, तसं बघायचे. दुसऱ्याच्या हातचं काम दुरुस्त करायला गेले की आधी भिंतीला कान लावायचे, मग डोळे मिटायचे, मग विचारायचे, "कोनी केलंय हे?" आणि उत्तराची वाट न बघता त्या अज्ञात कारागिराचा अर्धा तास उद्धार करायचे. गारखेड्यातल्या एका बाईंनी तो सगळा उद्धार शांतपणे ऐकून घेतला आणि म्हणाल्या, "मामा, बारा वर्षांपूर्वी तुम्हीच केलं होतं." मामांनी पुन्हा एकदा भिंतीला कान लावून बघितला. "तवा माझं लगीन नवं व्हतं," ते म्हणाले, आणि ते काम त्यांनी फुकट करून दिलं.

पण त्यांची खरी तऱ्हा होती मजुरीची. आमच्याकडे प्लंबरची मजुरी पॉइंटवर ठरते. भिंतीत जिथं पाइपाचं तोंड निघणार, तो एक पॉइंट. पॉइंट मोजायचे, दरानं गुणायचं, झालं. मामांचा दर मात्र पॉइंट बघून बदलायचा. गळक्या नळाचा वायसर बदलायला ते काहीच घ्यायचे नाहीत, चहा घ्यायचे, तोही अर्धा. स्वयंपाकघरातला नळ रास्त. फ्लशच्या टाकीचा दर जरा जास्त, आणि तिच्यात न विचारता एक वीट टाकून ठेवायचे, म्हणजे तेवढं पाणी कमी भरावं. आणि कुणी थाटामाटाचं काही मागितलं की मजुरी अशी सांगायचे की माणूस खाली बसावा. एका डॉक्टरांनी बंगल्यात बाथटब बसवायचा म्हटल्यावर मामांनी जो आकडा सांगितला तो ऐकून डॉक्टर म्हणाले, "अहो, एवढ्यात तर माझी आणखी एक खोली होईल." मामा म्हणाले, "मंग तेच करा की साहेब. खोली कामाला येती."

हे सगळं ठाऊक असताना मी बीड बायपासच्या पलीकडे नवं घर बांधायला काढलं तेव्हा मामांनाच बोलावलं, आणि त्यांच्यासमोर एक फोटो ठेवला. त्या फोटोबद्दल आधी सांगायला हवं. मी एका सरकारी कार्यालयात लेखातपासणीस आहे. जन्मभर एका बादलीत अंघोळ केलेला माणूस. एकदा पुण्याला प्रशिक्षणासाठी गेलो असताना आम्हाला एका चांगल्या हॉटेलात उतरवलं होतं, आणि तिथल्या न्हाणीघरात छताला परातीएवढा शॉवर आणि भिंतींतून दोन्ही बाजूंनी फवारे होते. मी त्याखाली इतका वेळ उभा राहिलो की पहिलं सत्र बुडालं. माझ्यासारख्या माणसाकडून असा प्रमाद घडला, यावरूनच त्या शॉवरची ताकद कळावी. तेव्हाच ठरवलं, घर बांधू तेव्हा हे करू. घर बांधलं ते मात्र लागोपाठच्या दुसऱ्या दुष्काळी वर्षात. बांधकामाला पाणी टँकरचं. मजूर प्यायला पाणी घरून आणायचे. आणि मी मामांना शॉवरचा फोटो दाखवत होतो. सांगायला लाज वाटते, पण दाखवत होतो.

मामांनी फोटो लांब धरला, जवळ धरला. "ह्यात मानूस कुठं उभा ऱ्हातो?"

"मधोमध."

"आन पानी?"

"वरून येतं. आणि दोन्ही बाजूंनी."

"मानसानं येवढं काय केलंय?" मामांनी विचारलं.

मग त्यांनी बोटं मोडून हिशोब केला. लिटर हा शब्द ते वापरायचे नाहीत. त्यांचं माप घागर. "मिन्टाला दोन घागरी," ते म्हणाले, आणि मजुरी सांगितली. वरचा एक पॉइंट, बाजूचे सहा, गरम आणि गार पाणी आत आणणारे दोन, असे नऊ. आणि प्रत्येकाचा दर दुप्पट. बाकीच्या सगळ्या घराची मजुरी एकीकडे आणि या एका शॉवरची एकीकडे, असा तो मामला होता. मी विचारलं, दुप्पट कशासाठी? "वरच्या पान्याची मजुरी डबल असती." पण का? "असती." मी तीन दिवस घासाघीस केली. दुसरे दोन प्लंबर बोलावून दर विचारले. त्यांनी अर्ध्यात करून देतो म्हणून सांगितलं. पण दोघांचेही शर्ट ओले होते. शेवटी मामांचाच दर कबूल केला, आणि त्याचा सल मनात ठेवून दिला. सल जपून ठेवणं हा माझ्या खात्यातल्या माणसांचा गुणच आहे.

काम मात्र बघत राहावं असं. पाइप मोजायला टेप नाही, कोपरापासून बोटापर्यंतचा हात. लाइन टाकून झाल्यावर ती पाण्यानं भरून तीन दिवस तशीच ठेवायची, त्याशिवाय फरशीला हात लावू द्यायचा नाही. त्या तीन दिवसांत मामा दुपारी पाइपाला कान लावून आडवे व्हायचे. फरशीवाले भाई कंटाळून उन्हात बसून राहायचे. मी मामांना घाई करायला निघालो की भाई मला अडवायचे. "नक्को छेडो साब. पाइप बी इनकू पूछ के गलता." आणि तपासणीचं ते भरलेलं पाणी मामा कधी सांडून देत नसत, बादलीत उतरवून घ्यायचे आणि मागच्या अंगणात लावलेल्या लिंबाच्या रोपाला घालायचे. शॉवर सुरू करायचा कॉक त्यांनी शॉवरखाली न लावता चक्क दाराशी लावला, कमरेच्या उंचीवर. मी म्हटलं, अहो, साबण लावलेला माणूस दाराशी येणार का? "कॉक हातात धरूनच आत जायचं साहेब," ते म्हणाले. "पान्याखाली उभं ऱ्हाऊन कॉक शोधायचा नाय." मी हेही सलाच्या यादीत टाकलं.

मजुरी द्यायच्या दिवशी मी मामांनी दिलेल्या हिशोबाच्या चिठ्ठीतली नुसती बेरीज बघितली, तांबडी पेन्सिल घेऊन घरभर फिरलो आणि पॉइंट मोजले. शॉवरच्या जागेत नवाऐवजी दहा तोंडं निघाली. दहावं खाली, फरशीलगतच्या कोपऱ्यात, आरपार मागच्या अंगणात निघालेलं आणि बाहेरून टोपण लावून बंद केलेलं. नकाशात ते नव्हतं. तिथं भाई होते, आणि शेजारच्या प्लॉटचे मालक, निवृत्त शिक्षक, ज्यांना सगळे गुरुजी म्हणतात, तेही होते. त्यांचं घर जोत्यापर्यंत आलं होतं आणि ते मामांशी काम ठरवायलाच आले होते. त्यांच्यामागून आमच्या लेआउटमधले आणखी दहाबारा प्लॉटवाले मामांनाच बोलावणार होते. आणि मी त्या सगळ्यांसमोर, कार्यालयात बोलतो त्याच आवाजात बोललो, "मामा, नऊ ठरले होते. न सांगता पॉइंट वाढवायचा आणि दुप्पट मजुरी लावायची, ही रीत आम्ही रोज कागदावर पकडतो." आणि एका पॉइंटाची मजुरी कापून उरलेली त्यांच्या हातात ठेवली. मामांनी गुरुजींकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "चिठ्ठी तपासून घ्या साहेब," एवढंच म्हणाले. पिशवी आवरली आणि गेले.

संध्याकाळी मी चिठ्ठी तपासली. शॉवर, नऊ. त्याखाली एक शब्द, "उद्याचा", आणि त्याच्यासमोर मजुरीच्या जागी रेघ. बेरीज नवाचीच होती. दुसऱ्या दिवशी भाईंना विचारलं तर ते म्हणाले, "हर घर में एक फालतू डालते मामा. उसके पैसे नै लेते. किस वास्ते डाला, वो घरवाले कू बाद में समजता." मी तेव्हाच पडेगावला, मामांच्या घरी जायला हवं होतं. निदान भिंतीपलीकडे जाऊन गुरुजींना सांगायला हवं होतं. गेलो नाही. रविवारी जाऊ म्हटलं. रविवारी फरशीचं काम होतं. गुरुजींनी दुसरा प्लंबर नेमला, लेआउटमधल्या बाकीच्यांनीही तोच घेतला, आणि पहिल्या पावसाळ्याचीही वाट न बघता गुरुजींच्या भिंतीला ओल आली. ती ओल दर वर्षी वीतभर चढते. आणि दर वर्षी गुरुजी ओलीकडे बघत मला म्हणायचे, "कसंही असो, तुम्ही वेळेवर सावध केलंत म्हणून फसवणुकीतून वाचलो." माणसाला मारावं, पण त्याचे असे आभार मानू नयेत.

शॉवर मी एकदाही सुरू केला नाही. वास्तुशांतीला लोक आले, परातीएवढं ते चकतं बघून गेले, आणि त्याच आठवड्यात आमच्या लेआउटमध्ये नळाचं पाणी दहा दिवसांवर गेलं. रस्त्यावर टँकरपाशी बायका ड्रम घेऊन उभ्या असताना मिनिटाला दोन घागरी अंगावर घेणं माझ्यासारख्या भित्र्या माणसाला जमण्यासारखं नव्हतं. मी त्या शॉवरखाली बादली ठेवून तांब्यानं अंघोळ करत राहिलो. अशी चार वर्षं गेली आणि पुन्हा एक वाईट उन्हाळा आला. बोअर आटली. टँकर दुपारच्या ऐवजी कधीही यायचा किंवा यायचाच नाही. तेव्हा एक दिवस बायकोनं मागच्या भिंतीतलं ते टोपण काढलं, न्हाणीचं गटाराकडं जाणारं तोंड चिंधी कोंबून बंद केलं, आणि माझ्या अंघोळीचं सगळं पाणी मागं तिच्या बादलीत आलं. फ्लशला तेच, आणि लिंबाला तेच. त्या उन्हाळ्यात आख्ख्या लेआउटमध्ये हिरवं राहिलेलं झाड ते एकच. गल्लीतल्या बायका बघायला आल्या. कुणी सुचवलं हो हे, असं विचारलं, तर मी म्हणालो, "बांधतानाच होतं."

बायकोनं ते ऐकलं. बायका गेल्यावर तिनं विचारलं, "अहो, हा तोच ना, तुम्ही मजुरी कापलेला?"

"तोच."

"आणि त्यांनी लावलीच नव्हती?"

"नव्हती."

"कधीपासून माहीत आहे?"

मी लिंबाच्या आळ्यातलं गवत उपटायला लागलो. "रविवारी जाऊन सांगून या," ती म्हणाली, आणि वर म्हणाली, "रविवार उद्याच आहे."

पडेगावला मामांचं घर शोधावं लागलं नाही. गल्लीत ज्या घराचा नळ गळत नाही ते घर. दारावर निळ्या अक्षरांत जयभीम लिहिलेलं. मामा बाजेवर बसले होते, आकाशी शर्ट, बाह्यांची बटणं लावलेली. मी वाटेत स्कूटरवर माफीचं वाक्य घोटून ठेवलं होतं. हळू आवाजात, खाली बघून म्हणायचं होतं. म्हणालो. मामा माझ्याकडे प्रेमानं बघत राहिले. आतून मामी म्हणाल्या, "मोठ्यानं बोला साहेब. दोन वरसं झाली, त्यांना ऐकू येत नाय."

ते कान गेले होते. पण आलो होतो त्यासाठी, आणि चार वर्षं मनात कुजबुजत ठेवलेली गोष्ट मला भर दुपारी पडेगावच्या गल्लीत ओरडून सांगावी लागली. "मामा, तुम्ही दहावा पॉइंट धरला नव्हता! चूक माझी होती!" समोरच्या ओट्यावरची माणसं उभी राहिली. एक जण म्हणाला, पाइप गळतोय जनू साहेबांचा. दुसरा म्हणाला, मामाचा पाइप गळत नसतो, साहेबच काहीतरी दुसरं म्हनतेत. मी पुन्हा ओरडलो. शेवटी मामी बाहेर आल्या, मामांच्या कानाशी तोंड नेलं आणि माझ्या सगळ्या कबुलीजबाबाचा चार शब्दांत निकाल लावला, "पॉइंट नऊच व्हते म्हनतेत!"

"व्हय. नऊच व्हते," मामा म्हणाले. मग माझ्याकडे वळून विचारलं, "मंग?"

कापलेल्या मजुरीचं पाकीट मी मामींकडे दिलं, त्यांनी ते न उघडता फडताळात डब्याखाली सरकवलं. "कामं तुटली तेवढी," त्या मला म्हणाल्या, तक्रार म्हणून नाही, आज बाजार आहे अशा सुरात. "तिकडल्या लोकांनी नंतर बोलावलंच नाय. मंग ह्यांनी बी जानं सोडलं." मामा तोवर चपला शोधत होते. "शावर चालू हाय का?" त्यांनी विचारलं. मी मान हलवली, नाही. "कधीच नाय?" कधीच नाही. मामांना माझ्या माफीनं काही झालं नव्हतं, यानं मात्र ते व्यथित झाले. "लाइन सुकती साहेब. चला, बघून येऊ."

त्यांना स्कूटरवर मागं बसवून घरी आणलं. फाटकाशी गुरुजी उभे होते. आता परत रविवारवर ढकलायची सोय नव्हती. मी त्यांना सांगून टाकलं, दहावा पॉइंट फुकट होता, फसवणूक मामांनी नाही केली, तुमची मी केली. गुरुजींनी मामांकडे पाहिलं, आपल्या भिंतीवरच्या कमरेइतक्या ओलीकडे पाहिलं. "हे तुम्ही मला चार पावसाळ्यांनंतर सांगताय?" मामा तोवर त्या भिंतीजवळ गेले होते. कान लावला नाही. तळहात टेकवला, डोळे मिटले, आणि विचारलं, "कोनी केलंय हे?" संध्याकाळी मामांसाठी चहा गुरुजींकडून आला, आणि तो पूर्ण कप होता.

न्हाणीघरात मामांनी आधी मागचं टोपण निघालं आहे ना, लिंबाकडे पाट आहे ना, ते बघितलं. मग दाराशी उभं राहून एक हात कॉकवर ठेवला आणि दुसरा भिंतीवर. मी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन मोठ्यानं विचारलं, ही मजुरी दुप्पट का होती? या वेळी त्यांनी सांगितलं, हळू, कारण स्वतःचा आवाजही त्यांना ऐकू येत नव्हता. "माझी आजी गंगापूरकडली. त्यांच्या गावात आमच्या मानसांनी हिरीवर चढायचं नाय. खाली उभं ऱ्हायचं. वरचं कुनी आलं, त्याच्या मनात आलं, तर वरून वतायचं. घागरीत पडंल ते आपलं. आजी म्हनायची, वरून पडतं ते पानी आपलं नसतं, कॉक दुसऱ्याच्या हातात असतो. कॉक न्हाय म्हनायची, पन तेच. म्हनून म्या मजुरी डबल सांगतो. लोकांनी लावूच नये. अन लावलंच, तर कॉक दाराशी." माझे पणजोबा वैजापूरकडच्या एका गावात देवळाचे पुजारी होते. वरून ओतणाऱ्यांत आमचं कोणी होतं का, हे विचारायला आता घरात कोणी उरलेलं नाही. त्यामुळे होतं, असंच मी धरून चालतो.

मामांनी कॉक फिरवला. आधी भिंत खोकली, मग परातीएवढ्या चकत्यातून पाणी आलं, सरळ, सारखं, एकही धार वाकडी नाही. भिंतीवरच्या हाताला ते कळलं तेव्हा त्यांचा चेहरा हॉटेलातल्या त्या दिवसासारखा झाला. "आलं," ते म्हणाले. आणि मग, कॉक हातात असताना, ज्यांच्या अंगावर मी कधी थेंब पाहिला नव्हता ते मामा इस्त्रीच्या शर्टासकट एक पाऊल आत गेले आणि पाण्याखाली उभे राहिले. लांबवलेला हात कॉकवरच होता. ओठ हलत होते. घागरी मोजत असावेत. दोन झाल्यावर त्यांनी कॉक बंद केला. "बास," ते म्हणाले. मागं लिंबाच्या आळ्यात पाणी पोचलेलं होतं.

जाताना ते माझा शर्ट घालून गेले. तो त्यांना गुडघ्यापर्यंत येत होता आणि बाह्यांची बटणं त्यांनी लावली होती. आकाशी शर्ट आमच्या दोरीवर वाळत राहिला. मी तो दुसऱ्या दिवशी नेऊन देणार होतो. मग भाईंकडून निरोप आला, मामा म्हणतात शर्ट असू द्या, त्या निमित्तानं येऊन एकदा लाइन बघून जातो. त्याला आता वर्ष होत आलं. मामी म्हणतात, पायऱ्या उतरत नाहीत हल्ली. बायको दर महिन्याला त्या शर्टावर इस्त्री फिरवते. मी दर रविवारी तो पिशवीत घालतो, आणि मग मनात येतं, नेऊन दिला तर त्यांना आमच्याकडे यायला काय कारण उरेल. म्हणून परत कपाटात ठेवतो.